खोलीचं दार उघडा


आज कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींशी बोलायचंय.

आपल्या धाराशिवच्या सारिका काळे.
भारतीय महिला खो-खो संघाच्या माजी कर्णधार.
2016 साली घरच्या आर्थिक अडचणींनी त्यांचं मन खचलं.
खेळ सोडायचं ठरवलं.
स्वतःला खोलीत कोंडून घेतलं.

आजीनं ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना सांगितली.
सरांनी समजूत घातली.
आणि सारिकाताई पुन्हा मैदानावर आल्या.

2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.
पुरस्कार मोठाच.
पण मला मोलाचं वाटतं, ते खोलीचं दार उघडणं.

खो-खो आठवून पाहा.
तुम्ही पाटीवर उकिडवे बसलेले.
पाठीवर थाप पडते, कानावर "खो" येतो.
त्या क्षणी परीक्षा, फी, घरची काळजी...
काही आठवत नाही.

शरीर हललं, की मनावरचा ताण उतरतो.
झोपही चांगली लागते.
त्यासाठी खेळाडूच व्हायला हवं, असं नाही.
रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, भरभर चाला.
सायकल चालवा.
एकटं जाववत नसेल, तर मैत्रिणीला, मित्राला हाक मारा.
पुन्हा सांगते...
शरीर हललं, की मन हलकं होतं.

तरीही उदासी हटत नसेल, तर मनात ठेवू नका.
घरच्यांशी, शिक्षकांशी बोला.
डॉक्टरांना भेटा.
मनाच्या आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस ही फोन सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालू असते.
नंबर लिहून घ्या...
एक, चार, चार, एक, सहा.
पुन्हा एकदा...
14416.