जन्नतच्या अलीकडचा पूल



जन्नत म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बाग, नद्या, महाल. बरोबर आहे. 'जन्नत'चा अर्थच बाग, गर्द झाडीनं झाकलेली. 'झाकणं' या अर्थाच्या ज्या अरबी धातूपासून हा शब्द आला, त्यातूनच न दिसणारा 'जिन' आला आणि आईच्या पोटातलं बाळ, 'जनीन', हा शब्दही आला.

पण कुरआनमध्ये ही बाग कशाच्या शेजारी येते, ते मी फार उशिरा पाहिलं. सूरह निसाच्या 11 आणि 12 या आयती वारसाहक्काच्या. मुलीला किती, आईला किती, नवऱ्याला-बायकोला किती. निम्मा, चौथा, सहावा, आठवा. मी इंजिनिअर, त्यामुळे अपूर्णांक दिसले की थांबतोच. हा हिशेब संपतो आणि लगेच 13व्या आयतीत नद्या वाहणारी जन्नत येते! या मर्यादा पाळणाऱ्यांना तिचं वचन आहे. मोडणाऱ्यांसाठी 14व्या आयतीत आग.

आणि आपण? कोणती दुआ किती वेळा पढली की जन्नतमध्ये काय मिळतं, याचे मेसेज रोज येतात. मीही पुढे पाठवलेत. तस्बीह मोजायचं ॲप माझ्याही फोनमध्ये आहे. जिक्र करूच नका, असं मी म्हणत नाही. पण बहिणीचा हिस्सा आपण कुठे मोजतो?

आमच्या घरचंच सांगतो. आजोबांची अडीच एकर जमीन. आजी आधीच गेलेली, म्हणून वारस तिघं: अब्बा, चाचा आणि फुफी. भावांना दोन-दोन भाग, बहिणीला एक. म्हणजे फुफीचे वीस गुंठे. तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. "खुशीनं दिलं," असं घरात म्हणतात. नाही म्हटली असती तर ईदला यायला माहेर उरलं असतं का, हे तिला कुणी विचारलं नाही.

बुखारीत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी सांगितलेली हदीस आहे. आगीतून सुटलेल्या मोमिनांनाही जन्नतच्या अलीकडे एका पुलावर थांबवलं जाईल. दुनियेत एकमेकांवर केलेल्या अन्यायाचा हिशेब तिथे फिटेल, मगच आत प्रवेश. लक्षात घ्या, ही वाचलेली माणसं आहेत. त्यांनाही थांबवलंय.

गेल्या रमजानमध्ये हे मी अब्बांना सांगितलं. "तू कधीपासून मौलाना झालास?" म्हणाले आणि उठून गेले. तरावीहहून परतल्यावर मात्र कपाटातून सातबारा काढून बसले. वीस गुंठे विहिरीच्या बाजूनं द्यायचे की रस्त्याच्या, यावर चाचांशी अजून वाद चालू आहे. फुफीला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही.