खेळाच्या तासातील छात्राध्यापक
(गिरीज येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



सराव-पाठासाठी शाळेत आलेल्या छात्राध्यापकास गणिताचा पाठ घ्यावयाचा असला, म्हणजे आपण त्याचे टाचण पाहतो, वर्गात मागे बसतो आणि शेवटी चार शब्द सांगतो. पाठ खेळाचा असला, की त्याच्या हाती शिट्टी व चेंडू देऊन मोकळे होतो. कित्येकदा तो तासच दुसऱ्या विषयास दिला जातो. खेळाचा तास हा तासच नव्हे, एवढेच तो होतकरू शिक्षक यातून शिकतो. आणि त्याचे फळ पुढे तीस वर्षे त्याच्या हाताखालील मुलांना भोगावे लागते.

वस्तुतः या विषयाची शास्त्रशुद्ध तयारी आपल्याकडे नवी नाही. अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९३८ साली मुंबई सरकारने, आपल्या वसईहून आगगाडीच्या वाटेवरील कांदिवलीस, या विषयाचे शिक्षक तयार करणारी संस्था काढली. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांवर मुले असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावा, असे २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यात म्हटले आहे. लहान शाळांत मात्र हा भार वर्गशिक्षकावरच पडतो. म्हणून प्रत्येक छात्राध्यापकास हा पाठ नीट घेता आला पाहिजे.

आता पाठाचे परीक्षण कसे करावे? एक साधा हिशेब सांगतो. सातवीच्या वर्गात चाळीस मुले आहेत असे धरा. छात्राध्यापकाने खो-खो लावला. पाठलाग करणारे नऊ व पळणारे तीन, मिळून मैदानात बारा. त्यांतही आठ जण बसलेले. म्हणजे प्रत्यक्ष धावणारी मुले चार, आणि कडेला उभी अठ्ठावीस! कबड्डीत चौदा खेळतात, सव्वीस पाहतात. शिवाय जो प्रथम बाद होतो, त्यालाच सरावाची अधिक गरज असते. पण तोच अधिक वेळ बसून राहतो. सामन्याचे नियम सामन्यास योग्य आहेत. पाठास ते बदलून घ्यावे लागतात.

पस्तीस मिनिटांचा तास असल्यास पाच मिनिटे अंग मोकळे करण्यास द्यावीत. नंतर दहा-दहांचे चार गट पाडावेत: दोन चौकोनांत लंगडी, एकीकडे चेंडूफेक, एकीकडे दोराच्या उड्या. दर सहा मिनिटांनी गटांनी जागा बदलावी. लंगडीत बाद झालेल्याने कडेला दहा उड्या मारून पुन्हा खेळात यावे. उरलेली सहा मिनिटे श्वास शांत करण्यास व चार प्रश्न विचारण्यास पुरतात.

मार्गदर्शक शिक्षकाने अशा वेळी तीन मुले मनात निवडावीत: एक चपळ, एक मध्यम, आणि एक भिंतीशी उभे राहणारे. प्रत्येक जण किती मिनिटे हलला, हे घड्याळ लावून टिपावे. तिसऱ्या मुलाच्या नावापुढे दोनच मिनिटे आली, तर शिस्त कितीही उत्तम असो, पाठ अपुरा समजावा. हा आकडा छात्राध्यापकास प्रेमाने दाखवावा. नुसत्या 'छान झाले' या शब्दांपेक्षा तो त्यास अधिक शिकवील.

स्थानिक परिस्थितीचेही भान हवे. आपल्या भागात माडांच्या वाड्या आहेत. माडाखाली खेळ लावू नये, आणि पडलेल्या झावळ्या व दगड आधी दूर करावेत. पावसाळ्यात मैदान चिखलाचे होते. तेव्हा पडवीत तोल सांभाळण्याचे व ताणाचे व्यायाम घेता येतात. उघडीप पडली, की हिराडोंगरीची चढण जवळच आहे. कोणास दमा वा ताप आहे, हे तासापूर्वी विचारावे. मुलींना केवळ गुण लिहिण्यास कडेला बसविण्याची प्रथा तर कायमची सोडावी.

छात्राध्यापक थोडे आठवडे आपल्याकडे राहतो. त्या अवधीत निदान एका खेळाच्या पाठास आपण मैदानाच्या कडेला, वही घेऊन, आरंभापासून अखेरपर्यंत उभे राहावे, एवढीच माझी विनंती आहे. आपण ज्या तासाला हजर राहतो, त्यालाच तो खरा तास मानील.