पुण्याच्या कुंभाराने घडविलेले नाक
(शनिवार पेठ, पुणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मराठी भाषेने नाकाला जो मान दिला आहे तो दुसऱ्या अवयवाला क्वचितच दिला असेल. अब्रू गेली की नाक कापले जाते, शरण जावयाचे तर नाक घासावे लागते, आणि कर्तबगार मनुष्य हा घराचे किंवा गावाचे नाक समजला जातो. हे केवळ भाषेचे अलंकार नव्हेत. जुन्या राजवटींत नाक कापणे ही प्रत्यक्ष शिक्षा होती. गुन्हेगाराला ती दिली जाई, तशीच शत्रूच्या हाती सापडलेल्या कैद्यालाही विटंबना म्हणून दिली जाई. तुटलेला हात माणूस उपरण्याखाली झाकू शकतो. नाक गेलेल्याला चारचौघांत वावरणे अशक्य होते. अशा स्थितीत गेलेले नाक पुन्हा बसवून देणारी माणसेही या देशात निर्माण झाली. त्यांपैकी एक पुण्याच्या आसपास राहत होता. आज जगभर ज्या शल्यशाखेला प्लास्टिक सर्जरी म्हणतात तिच्या इतिहासात त्याने केलेल्या एका शस्त्रक्रियेचा उल्लेख आवर्जून येतो. पुण्यात मात्र ती हकिकत फारच थोड्यांना ठाऊक आहे.

हकिकतीचा एक धागा याच पेठेतून जातो. शनिवार पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एक. तिचे पूर्वीचे नाव मुर्तजाबाद. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पहिल्या बाजीरावाने येथे वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत इंग्रजांचा वकील चार्ल्स वेअर मॅलेट याच वाड्यात दरबारासाठी येत असे. त्याचा मुक्काम मुळा-मुठेच्या संगमावर होता. १ जून १७९० रोजी पेशवे आणि कंपनी सरकार यांच्यात टिपू सुलतानाविरुद्ध पुण्यास तह झाला. पुढील दोन वर्षे पेशवे, निजाम आणि इंग्रज यांच्या फौजा म्हैसूरच्या राज्यात लढत होत्या. त्या काळी फौजा बैलांवर चालत. तोफा, दाणागोटा, तंबू, दारूगोळा सर्व काही बैल ओढीत, आणि त्यांना हाकणारे हजारो गाडीवान सैन्यामागून जात. इतिहासाच्या ग्रंथांत सेनापतींची नावे आढळतात. बैल हाकणाऱ्यांची आढळत नाहीत.

एका गाडीवानाचे नाव तेवढे राहिले, आणि तेही नाक गेल्यामुळे. इंग्रजांनी ते ‘कावसजी’ असे लिहून ठेवले. नाव पारशी वळणाचे वाटते आणि त्यामुळे त्याला पारशी मानणारेही आहेत. परंतु मूळ वृत्तान्तात तो शेतकरी मराठा असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. इंग्रजी फौजेत बैल हाकत असता १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात तोडून त्याला सोडून दिले. त्या अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनीने त्याला निवृत्तिवेतन दिले. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला आणि नंतर पुण्याजवळच्या एका माणसाकडून त्याने नवे नाक बसवून घेतले. हा माणूस वैद्य नव्हता. विटा भाजणाऱ्या जातीचा, म्हणजे आपल्याकडील कुंभार, एवढीच त्याची ओळख नोंदली गेली आहे. ही शस्त्रक्रिया पेशव्यांच्या वाड्यात एखाद्या राजवैद्याने केली असावी अशी कोणी कल्पना करील, तर ती खरी नाही.

मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया होताना स्वतः पाहिली. तिचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका पत्राच्या रूपाने प्रसिद्ध झाले. पत्राखाली ‘बी. एल.’ एवढीच अक्षरे होती. छापताना फिंडले याचे नावही चुकले आणि ‘ट्रिंडले’ असे पडले. ती चूक पुढे संशोधकांनी दुरुस्त केली. कुंभाराच्या बाबतीत दुरुस्त करण्याजोगे नावच छापले गेले नव्हते.

त्या वर्णनातील तपशील लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. कुंभाराने प्रथम मेणाची पातळ चकती घेऊन तुटलेल्या जागेवर ती नाकाच्या आकाराची घडविली. मग ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेने रेघ ओढली. रेघेच्या आतील कातडी त्याने धारदार हत्याराने सोडविली, परंतु पुरती नव्हे. दोन भुवयांमधील एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. नंतर नाकाच्या जागेवरील जुना व्रण तासून काढला आणि कडेने वरच्या ओठापर्यंत चीर घेतली. कपाळाची कातडी खाली आणताना तिला अर्धा पीळ दिला आणि तिच्या कडा त्या चिरेत बसविल्या.

या अर्ध्या पिळात शस्त्रक्रियेचे मर्म आहे. कपाळाची कातडी नुसती खाली दुमडली तर तिची आतली, रक्ताळलेली बाजू बाहेर येईल. पीळ दिल्याने बाहेरची बाजू बाहेरच राहते. आणि पीळ देऊनही कातडी जिवंत राहते, ती त्या अरुंद देठामुळे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळून कपाळाकडे जाणाऱ्या बारीक रोहिण्या या देठातून जातात आणि नवी जोडणी पक्की होईपर्यंत कातडीला रक्त पुरवीत राहतात. विच्छेदनाचा ग्रंथ न उघडलेल्या माणसाला नेमका हाच देठ राखला पाहिजे हे ठाऊक होते. हे ज्ञान किती पिढ्यांच्या चुकांतून आले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

जोड धरून ठेवण्यासाठी त्याने टाके घातल्याचा उल्लेख नाही. पाण्यात कालवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकीवर एक बसविल्या. इंग्रजी पत्रात या पदार्थाला ‘टेरा जापोनिका’ असे भारदस्त नाव आहे. विड्यात घालतात तोच हा काथ. त्यातील तुरट द्रव्य रक्तस्राव आटोक्यात ठेवते आणि वाळल्यावर पट्टी कडक होते. चार दिवस दुसरे काहीही लावावयाचे नाही. नंतर पट्ट्या काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवावयाची. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालावयाचे, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापून नाकाला शेवटचा आकार द्यावयाचा. हे सर्व रोगी शुद्धीवर असताना चालत असे. ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया करण्याचा जाहीर प्रयोग अमेरिकेत बॉस्टन येथे १८४६ साली झाला, म्हणजे कावसजीच्या नंतर अर्धशतकाने.

संस्कृत जाणणाऱ्या श्रोत्यांना येथे सुश्रुताची आठवण झाली असेल, आणि ते योग्यच आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात तुटलेले नाक जोडण्याचा विधी आला आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने कातडी सोडवावी, नाकाची जागा खरवडून ती तेथे जोडावी, श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात, वर पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचे चूर्ण टाकावे, कापसाने झाकून तिळाचे तेल शिंपडावे, असा तो क्रम. परंतु एक भेद डोळ्याआड करता कामा नये. सुश्रुत कातडी गालाची घेण्यास सांगतो. पुण्याच्या कुंभाराने ती कपाळाची घेतली. तेव्हा कुंभाराने सुश्रुताचा विधी जसाच्या तसा केला, हे विधान अभिमानाचे असले तरी अचूक नाही. पानाऐवजी मेण आले, गालाऐवजी कपाळ आले, नळीऐवजी बोळा आला. मूळ कल्पना तीच असली तरी ग्रंथ आणि हात यांच्यामधल्या दीर्घ काळात कोणीतरी, कोठेतरी तिच्यात सुधारणा केली होती. कपाळाची कातडी गालापेक्षा सोयीची ठरते, हा शोध ज्यांनी लावला त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, एवढेच म्हणता येते.

ही सुधारणा कावसजीच्या काळी नवी नव्हती. व्हेनिसचा प्रवासी निकोलाओ मनुची याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात विजापूरच्या मुलखातील युद्धांचे वर्णन करताना, नाके कापल्या गेलेल्या लोकांवर देशी शल्यवैद्य कपाळाची कातडी खाली ओढून उपचार करीत, असे लिहून ठेवले आहे. म्हणजे पुण्याच्या घटनेपूर्वी शंभर वर्षे ही रीत दख्खनमध्ये रुळलेली होती. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा येथील काही घराण्यांतही ती वंशपरंपरेने चालत आली होती.

युरोपातही नाक जोडण्याची विद्या एके काळी होती. सिसिलीतील ब्रांका घराणे पंधराव्या शतकात ती जाणत असे, आणि बोलोन्याच्या तालियाकोत्सीने १५९७ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्याची रीत दंडाची कातडी घेण्याची. त्यासाठी रोग्याचा हात कित्येक दिवस तोंडाशी बांधून ठेवावा लागे. पुढे ती मागे पडली. दुसऱ्याच्या अंगाची कातडी घेऊन केलेले नाक तो दुसरा मनुष्य मेला की गळून पडते, अशा गमतीच्या कथा तेवढ्या उरल्या. १७९४ साली लंडनच्या वाचकांना पुण्याची बातमी अद्भुत वाटली, ती यामुळेच.

तरीही वीस वर्षे कोणी पुढे आले नाही. लंडनमधील शल्यवैद्य जोसेफ कॉन्स्टन्टाइन कार्प्यू याने मात्र विषय सोडला नाही. त्याने मृत शरीरांवर सराव केला आणि हिंदुस्थानात राहून आलेल्यांकडे चौकशी केली. तोवर मायदेशी परतलेल्या मॅलेटलाही त्याने पत्र लिहिले. मॅलेटचे उत्तर नमुनेदार आहे. ही शस्त्रक्रिया फार प्राचीन काळापासून प्रचलित आहे, ती नेहमी कुंभार किंवा वीटभट्टीवाले करतात, आणि ती अचूक नसली तरी बहुधा यशस्वी होते, असे त्याने कळविले. संगमावर राहणाऱ्या परक्या वकिलाला जे ठाऊक होते, ते पुण्याच्या कागदपत्रांतूनही तितक्याच ठळकपणे पुढे आले असते तर किती बरे झाले असते! २३ ऑक्टोबर १८१४ रोजी कार्प्यूने चेल्सी येथील यॉर्क रुग्णालयात एका लष्करी अधिकाऱ्यावर कपाळाच्या कातडीने शस्त्रक्रिया केली. तीस सुमारे पाव तास लागला. काही दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा चेहऱ्यावर खरोखरच नाक आहे हे पाहून रोग्याचा सोबती चकित झाला. १८१६ साली कार्प्यूने अशा दोन शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि तीत आपण कोणाचे ऋणी आहोत हे लपविले नाही.

पुढील मजल जर्मनीत गाठली गेली. ज्या १८१८ साली पेशवाईचा अंत झाला, त्याच वर्षी बर्लिनच्या फॉन ग्रेफे याने ‘ऱ्हिनोप्लास्टिक’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या शाखेला ‘प्लास्टिक’ हे विशेषण रूढ झाले. आज तो शब्द ऐकला की बादल्या आणि पिशव्या आठवतात. परंतु मूळ ग्रीक धातूचा अर्थ ओल्या मातीला आकार देणे, घडविणे असा आहे. नाव देणाऱ्याच्या मनात कुंभार असण्याचे कारण नव्हते. तथापि ज्याच्या हातून ही विद्या युरोपात गेली त्याच्या रोजच्या कामाचेच नाव तिला पडले, हा योगायोग मौजेचा खरा. मातीची जाडी बोटांनी ओळखणारा, सपाट गोळ्यातून गोलाई काढणारा हात मेणावर आणि कातडीवर चालला, यात तसे नवल नाही.

नाव टिकण्याचा आणि न टिकण्याचा प्रकार कसा असतो, हे त्याच काळातील दुसऱ्या एका पुणेकर कारागिरावरून दिसते. मॅलेटच्या पुढाकाराने आणि सवाई माधवरावांच्या अनुमतीने शनिवारवाड्याच्या आवारात चित्रशाळा निघाली होती. तेथे स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्या हाताखाली गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट तयार झाला. वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याची त्याने काढलेली चित्रे परदेशात जपून ठेवली आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्याचे नावही. जातीने तांबट, म्हणजे कुंभारासारखाच हातावर पोट असणारा. पण त्याचे काम कागदावर होते. कसब्यात तांबट आळी आहे, कुंभारवाडाही आहे. कुंभाराचे काम दुसऱ्याच्या चेहऱ्यावर होते आणि तो चेहरा त्याच्या धन्याबरोबर गेला.

त्या चेहऱ्याचे एक चित्र मात्र उरले आहे. याच जेम्स वेल्सने १७९४ साली कावसजीला समोर बसवून ते काढले, आणि त्यावरून विल्यम नटरने कोरलेला ठसा लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चित्रात कावसजी सरळ समोर पाहतो आहे. नवे नाक जागेवर आहे, आणि कपाळावर, ज्या जागेवरून कातडी काढली तेथे, उलट्या नाकाच्या आकाराचा व्रण आहे. कर्करोगाने वा अपघाताने नाक गमावलेल्या रुग्णावर आजचे शल्यवैद्यही पुष्कळदा कपाळाचीच कातडी वापरतात. भूल, टाके आणि जंतुनाशके ही नवी आहेत. देठ मात्र ते भुवईजवळच राखतात, आणि साधारण तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तो कापतात.