खुणांची चटई, आकृती आणि पेटंटचा दावा



सोलापूर हे मागांचे शहर. येथील चादर आणि टेरी टॉवेल यांना २००५-०६ या वर्षात भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे सोलापूरच्या नावाला संरक्षण लाभले. परंतु एखाद्या विणकराने काढलेल्या नव्या युक्तीचे रक्षण त्यातून होत नाही. त्यासाठी एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, मार्ग आहे. त्या मार्गावरील एका अवघड वळणाविषयी आज बोलावयाचे आहे.

समजा, एका विणकराने व्यायामाची चटई तयार केली. हातपाय कोठे टेकावेत हे दाखविणाऱ्या खुणा तिच्या विणीतच आहेत. खुणांचे केवळ रूप नवे असेल, तर २००० च्या डिझाइन अधिनियमाखाली नोंदणी करावी. ती प्रथम दहा वर्षे व पुढे आणखी पाच वर्षे टिकते. खुणा निव्वळ माहिती देत असतील, तर १९७० च्या पेटंट अधिनियमाचे कलम ३ आड येते. मात्र उंचवट्याच्या विणीमुळे पाय घसरत नसेल आणि दृष्टिहीन व्यक्तीलाही स्पर्शाने जागा कळत असेल, तर रचनेतून साधलेल्या त्या परिणामासाठी पेटंट मागण्यास जागा आहे.

येथे आकृतीचा प्रश्न उभा राहतो. कलम १० प्रमाणे दावे स्पष्ट व मोजक्या शब्दांत असावे लागतात आणि तपशीलपत्रात उघड केलेल्या मजकुरावर न्याय्यपणे आधारलेले असावे लागतात. सामान्यतः आकृती ही त्या तपशीलपत्राचाच भाग मानली जाते. मग आकृती पुरेशी केव्हा म्हणावी?

आपल्या चटईची वरून दिसणारी एकच आकृती जोडली, तर खूण विणलेली आहे की छापलेली, हे तिच्यावरून कळत नाही. दावा मात्र विणलेल्या उंचवट्याचा आहे. म्हणून काटछेदाची आकृती हवी. तळाची वीण, उंचवटा आणि त्यांचा सांधा यांना क्रमांक देऊन तेच क्रमांक वर्णनात वापरावेत. दुसरे असे की, दाव्यात ‘वापरणाऱ्याच्या उंचीप्रमाणे खुणांतील अंतर’ असे म्हटले आणि आकृती एकाच मापाच्या चटईची असली, तर ते अंतर कसे ठरवावे हे वर्णनात सांगितलेच पाहिजे. आकृतीत चार खुणा आणि दाव्यात ‘किमान दोन’ असतील, तर दोन खुणांनीही काम कसे भागते, याचा खुलासा हवा.

जेकार्डच्या कारागिराला आलेखाच्या कागदावरील चौकटींत सर्व काही दिसते. कोणता धागा उचलावयाचा हे त्यावरून ठरते. त्यामुळे आकृती बोलकी असली की पुरे, असे त्याला वाटणे साहजिक आहे. परंतु २००३ च्या पेटंट नियमांतील नियम १५ नुसार आकृतीवर मापे लिहावयाची नसतात आणि प्रवाहआकृतीखेरीज वर्णनात्मक मजकूरही घालावयाचा नसतो. म्हणजे ज्या अंतरावर सारा शोध उभा आहे, ते अंतर आकृती सांगू शकत नाही. ते शब्दांनीच सांगावे लागते.

ही उणीव पुढे भरून काढता येईल, अशा भ्रमात कोणी राहू नये. कलम ५९ नुसार मूळ तपशीलपत्रात जे उघड केलेले नाही, ते दुरुस्तीच्या नावाने आत आणता येत नाही. तात्पुरते तपशीलपत्र दिले असल्यास संपूर्ण तपशीलपत्र बारा महिन्यांच्या आत सादर करावे लागते. आणि अर्जापूर्वीच वस्तू बाजारात आली, तर तिचे नावीन्यच धोक्यात येते.

विणकर अर्ज लिहून घेण्यास येतो तो बहुधा गावातील शिक्षकाकडे, ग्रामपंचायतीच्या सदस्याकडे किंवा उद्योग खात्यातील अधिकाऱ्याकडे. त्यांनी एवढे अवश्य करावे. दाव्यातील प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारावे, ‘हे आकृतीत कोठे आहे? नसल्यास वर्णनात कोठे आहे?’ दोन्हीकडे उत्तर नसेल, तर एक तर वर्णन वाढवावे, नाही तर दावा आवरावा. अर्ज दाखल होण्यापूर्वीचा हा एक तास विणकराच्या वीस वर्षांच्या हक्काचा पाया ठरू शकतो.