धुळीची साक्ष



आम्ही शाळा फारशी पाहिली नाही. वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. आपल्या राधानगरीच्या वाड्यांतली पोरे शिरोलीच्या फौंड्र्यांत साचे फोडतात, ओतीव मालावर ग्राइंडर धरतात. तिथली जाड धूळ नाकात अडते. डोळ्यांना न दिसणारी फुप्फुसात उतरून तिथलेच होते. हा सिलिकोसिस. त्यावर बरे करणारे औषध नाही.

आमचा एक सोबती कितीतरी दिवस क्षयाच्या गोळ्या खात होता. ‘काम कसले करतोस?’ एवढे कोणी विचारले नाही. डॉक्टरांनाच दोष कशाला द्यावा? एक्स-रेत दोन्ही रोग सारखे भासतात, आणि सिलिकाने पोखरलेल्या छातीत क्षयही लवकर शिरतो.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेने अलीकडे सीसी-१६ या प्रथिनावर काम केले आहे. श्वासनलिकांतल्या काही पेशी ते तयार करतात. धुळीने त्या पेशी खचल्या की रक्तातले प्रथिन घटते. रोग लवकर हेरायची ही वाट.

पण रक्ताने साक्ष दिली आणि पोराची नोकरी गेली, तर पुढच्या खेपेला बोट कोण पुढे करील? कायद्याने हा रोग सरकारला कळवावाच लागतो. नोकरीची हमी त्यात नाही. म्हणून आम्ही मागतो ते असे: साचे फुटतात तिथे धूळ ओढणारा पंखा, आणि धुळीतून हलवलेल्या माणसाला त्याच पगारावर दुसरे काम.