आल्बर्ट बासरमान : पासष्ट वर्षांची नटसाधना

आल्बर्ट बासरमान या जर्मन नटाचा जन्म ७ सप्टेंबर १८६७ रोजी मानहाइम येथे झाला. ऱ्हाइन आणि नेकार या नद्यांच्या संगमावरचे हे व्यापारी शहर. बासरमान घराणे तिथले नामांकित. १८४८च्या क्रांतीनंतर फ्रँकफुर्टला भरलेल्या जर्मन संसदेतले फ्रीडरिश डानिएल बासरमान याच घराण्यातले. आल्बर्ट यांनी कार्ल्सरुहे येथे रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि काही काळ सेल्युलोजच्या कारखान्यात नोकरीही केली. पण त्यांचे काका आउगुस्ट बासरमान नट होते, म्हणजे घरात नाटकाचा वारा आधीच शिरलेला होता. १८८७ साली, विशीच्या उंबरठ्यावर, आल्बर्ट यांनी प्रयोगशाळा सोडली आणि मानहाइमच्याच रंगमंचावर पदार्पण केले.

पुढची काही वर्षे माइनिंगनच्या दरबारी नाट्यगृहात गेली. तिथल्या ड्यूकची नाटकमंडळी तालमीच्या शिस्तीसाठी सबंध युरोपात गाजली होती. गर्दीच्या प्रसंगात मागच्या रांगेत उभ्या असलेल्या नटालाही आपण कोण आणि तिथे का उभे आहोत, हे ठाऊक असावे लागे. नवख्या नटाला याहून चांगली शाळा मिळणे कठीण होते.

शतक संपता संपता बासरमान बर्लिनमध्ये स्थिरावले आणि ओटो ब्राम या दिग्दर्शकाच्या हाती आले. जर्मन रंगभूमीवर तेव्हा दोन प्रवाह एकमेकांशी झुंजत होते. जुना प्रवाह छंदोबद्ध संवाद खणखणीत आवाजात, प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणण्याचा. नवा प्रवाह निसर्गवादाचा. त्यात पात्राने दिवाणखान्यात बसून माणसासारखे बोलावे, अडखळावे, प्रेक्षकांना पाठही दाखवावी. ब्राम दुसऱ्या पंथाचे कट्टर पुरस्कर्ते होते. बासरमान यांचा आवाज घंटेसारखा नव्हता. तो काहीसा खरखरीत होता आणि त्यातली मानहाइमची लकब जन्मभर गेली नाही. जुन्या पद्धतीच्या कंपनीत ही खोट ठरली असती. इब्सेनच्या नाटकांत तीच भांडवल ठरली. ‘वाइल्ड डक’मधला, मोठ्या शोधाची स्वप्ने पाहत घरच्यांच्या कष्टांवर जगणारा याल्मार एकडाल किंवा ‘डॉल्स हाउस’मधला स्वतःच्या सज्जनपणावर खूश असलेला हेल्मर ही माणसे खलनायक नाहीत आणि नायकही नाहीत. त्यांना हास्यास्पद न करता त्यांचा खुजेपणा दाखवणे हे अवघड काम. अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मुळे हेल्मरचा मराठी अवतार इथल्या नाट्यरसिकांच्या परिचयाचा आहे. त्यामुळे या भूमिकेतली मेख त्यांना वेगळी सांगायला नको.

१९०९ ते १९१५ या काळात बासरमान दिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांच्याकडे होते. राइनहार्ट म्हणजे ब्राम यांचे दुसरे टोक : प्रकाश, रंग, फिरता रंगमंच, भव्य दृश्ये. इथे शेक्सपिअर आणि गटे यांच्या मोठ्या भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. शायलॉक आणि मेफिस्टो त्यांत होते. दिवाणखान्यात कमावलेला बारकावा त्यांनी या भव्यतेतही सोडला नाही, आणि त्यांचे मोठेपण प्रामुख्याने इथेच आहे.

१९११ साली त्यांच्याकडे इफलांड अंगठी आली. आउगुस्ट विल्हेल्म इफलांड हा अठराव्या शतकातला थोर नट. १७८२ साली शिलरच्या ‘डी रॉयबर’ या नाटकाचा पहिला प्रयोग मानहाइमलाच झाला आणि त्यात फ्रान्झ मोरची भूमिका इफलांडनेच केली होती. त्याचे चित्र असलेली ही हिरेजडित अंगठी जर्मन भाषेतल्या सर्वश्रेष्ठ नटाकडे असावी आणि त्यानेच आपला वारस नेमावा, असा संकेत आहे. अंगठी आधी ज्यांच्याकडे होती, त्या फ्रीडरिश हाजे यांनी बासरमान यांची निवड केली.

त्या काळी प्रतिष्ठित नट चित्रपटाला जत्रेतला खेळ समजत. नाट्यसंघटनांचाही त्याला विरोध होता. १९१३ साली माक्स माक यांच्या ‘डेर आंडेरे’ या मूकपटात बासरमान उतरले, तेव्हा खळबळ उडाली. दिवसा अब्रूदार वकील आणि रात्री, आपल्याच नकळत, चोराचा साथीदार अशी ती दुहेरी भूमिका होती. पाउल लिंडाऊ यांच्या नाटकावर तो बेतलेला होता. नाट्यसमीक्षक प्रथमच एका चित्रपटाची गंभीर दखल घेऊ लागले. पुढे लुबिच यांचा ‘दास वाइब देस फाराओ’, आस्टा नील्सन यांच्यासोबतचा ‘एर्डगाइस्ट’, बोलपटांच्या काळात रिखार्ड ओस्वाल्ड यांचा ‘ड्रेफस’ असे चित्रपट आले. ‘ड्रेफस’मध्ये ज्यूद्वेषापायी गोवल्या गेलेल्या अधिकाऱ्याच्या बाजूने उभा राहणारा कर्नल पिकार त्यांनी १९३० साली साकारला. तीनच वर्षांत हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या घरात आला.

बासरमान यांची पत्नी एल्से शिफ स्वतः अभिनेत्री होती आणि जन्माने ज्यू. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर तिला जर्मन रंगमंच बंद झाला. बासरमान यांना मात्र कुणाचीच आडकाठी नव्हती. उलट त्यांच्यासारखा नट नव्या राजवटीला हवाच होता. पत्नीला वगळून मिळणारे काम त्यांनी नाकारले. पासष्टी उलटलेल्या, देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या नटाने आपला प्रेक्षकवर्ग सोडणे ही लहान गोष्ट नाही. आणि नटाचा देश म्हणजे शेवटी त्याची भाषा. काही वर्षे ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये निभावली. १९३८ साली ऑस्ट्रियाही हिटलरच्या घशात गेला आणि १९३९ साली दोघे अमेरिकेला गेले.

तिथे त्यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. संवाद केवळ उच्चारांवरून पाठ करावे लागत. अशा अवस्थेत आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘फॉरिन करस्पाँडंट’ या १९४०च्या चित्रपटात त्यांना व्हॅन मेअर या वृद्ध डच मुत्सद्द्याची भूमिका मिळाली. तहातले एक गुप्त कलम फक्त त्याच्या स्मरणात आहे आणि ते काढून घेण्यासाठी त्याचे अपहरण होते. छळाने खचलेला हा म्हातारा पाहताना त्याला आपल्या शब्दांचा अर्थ नीट कळत नसेल, अशी शंकाही येत नाही. सहायक अभिनेत्यासाठीच्या ऑस्कर पुरस्काराचे नामांकन त्यांना मिळाले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. पुरस्कार वॉल्टर ब्रेनन यांना गेला. त्याच वर्षी ‘डॉ. एर्लिक्स मॅजिक बुलेट’मध्ये ते जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख झाले. तरुणपणीचा रसायनतज्ज्ञ असा आडवाटेने प्रयोगशाळेत परतला, एवढी गंमत इथे नोंदवायला हरकत नाही. इतर हॉलीवूडपटांत बहुधा प्राध्यापक, डॉक्टर, सभ्य वृद्ध अशाच छोट्या भूमिका होत्या.

युद्ध संपल्यावर, १९४६ साली, ते युरोपात पुन्हा रंगमंचावर आले आणि मधल्या वर्षांत सुटलेला इब्सेन पुन्हा जर्मन भाषेत करू लागले. १९४८च्या ‘द रेड शूज’ या ब्रिटिश चित्रपटात नृत्यमंडळीचा नेपथ्यकार रातोव्ह त्यांनी रंगवला. त्या चित्रपटाचे एक कर्ते एमेरिक प्रेसबर्गर हेही नाझींमुळे बर्लिन सोडून आलेले. १५ मे १९५२ रोजी झुरिककडे जाणाऱ्या विमानात, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, बासरमान यांचे निधन झाले.

अंगठीचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. बासरमान यांनी वारस म्हणून प्रथम आलेक्झांडर गिरार्डी, मग माक्स पालेनबर्ग, मग आलेक्झांडर मोइसी यांना मनात धरले होते. तिघेही त्यांच्याआधी गेले. १९३५ साली मोइसी यांच्या अंत्यविधीच्या वेळी बासरमान यांनी ती अंगठी शवपेटीवर ठेवली. व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरच्या संचालकांनी ती परत उचलून घेतली आणि ती तिथल्या नाट्यसंग्रहात जमा झाली. त्यानंतर बासरमान यांनी वारस नेमलाच नाही. त्यांच्या मृत्यूनंतर नाट्यकर्मींच्या संघटनेने निवड केली आणि १९५४ साली अंगठी वेर्नर क्राउस यांना देण्यात आली. क्राउस नट म्हणून निःसंशय असामान्य होते. ‘युड झ्यूस’ या १९४०च्या नाझी प्रचारपटात ज्यूंची विद्रूप चित्रे रंगवणाऱ्या एकाहून अधिक भूमिका त्यांनीच केल्या होत्या.