तिसरी तार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचं फर्मान होतं की प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं, आणि ऐकणाऱ्याला काहीतरी घरी नेता आलं पाहिजे. सकाळपासून आपण गुडघ्यांबद्दल ऐकलं, मृत्युपत्राबद्दल ऐकलं, म्युच्युअल फंडाबद्दल ऐकलं. मी गिटार दुरुस्त करतो. त्यातही आज फक्त एका तारेबद्दल बोलणार आहे, इलेक्ट्रिक गिटारच्या तिसऱ्या तारेबद्दल. हसू नका. त्या तारेचं आणि या सभागृहाचं जुनं नातं आहे.

आपण नववीत असतानाचं गॅदरिंग आठवा. समूहगीताला मी गिटार वाजवणार होतो. गिटार माझी नव्हती. माझ्या भावाचा एक मित्र ऑर्केस्ट्रात होता, त्याची. पोकळ अंगाची, लाकडी ब्रिजची, मोठी देखणी इलेक्ट्रिक गिटार. आदल्या दिवशी तिची तिसरी तार तुटली. मी सायकल काढली, बाजारात गेलो आणि सुटी तार मागितली. दुकानदाराने मला एक गुळगुळीत, साधी तार दिली. तुटलेली तार तशी नव्हती, तिच्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली होती. पण सूर तर लागला, मग मी विचार केला नाही.

तालमीला संगीताच्या बाई पेटीवर. सूर पांढरी तीन. मी ई मेजर कॉर्ड छेडली. बाईंनी हात थांबवला आणि म्हणाल्या, "तुझा गंधार चढतोय रे." मी पुन्हा सूर लावला, पुन्हा वाजवलं. बाई म्हणाल्या, "सुट्टी तार बरोबर आहे. बोट ठेवलंस की चढतो." आणि मी, वय वर्षं चौदा, सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, हे वेस्टर्न आहे, पेटीसारखं नसतं." बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. ऑर्केस्ट्रावाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून माझी तिसरी तार बाकीच्या पाचांच्या वर ओरडत होती. मला वाटलं, काय जोरदार वाजतंय!

बाईंचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आता ते का खरं होतं ते सांगतो.

गिटारला सहा तारा. सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी. खालचा सूर हवा तर तारेला वजन हवं. पण भरीव पोलादाची तार जाड करत गेलं की ती तारेसारखी वागायचं सोडून सळईसारखी वागायला लागते, आणि तिचे वरचे स्वर बिघडतात. म्हणून जाड तारांमध्ये आत बारीक गाभा ठेवतात आणि त्याच्यावर दुसरी तार घट्ट गुंडाळतात. वजन वाढतं, लवचीकपणा राहतो. तिला आम्ही वाउंड म्हणतो आणि साध्या तारेला प्लेन. पहिल्या दोन तारा प्लेन आणि शेवटच्या तीन वाउंड, यावर वाद नाही. तिसरी मात्र सीमेवरचं गाव आहे, दोन्हीकडे नांदते. साध्या अकूस्टिक गिटारला ती सहसा वाउंड असते, आजच्या इलेक्ट्रिकला सहसा प्लेन.

आता मुद्द्याची गोष्ट. प्लेन तारेतलं सगळं पोलाद ताण घेतं. वाउंड तारेत फक्त आतला गाभा ताण घेतो, वरचं वेटोळं नुसतं वजन म्हणून बसलेलं असतं. म्हणजे त्या बारीक गाभ्यावर जबर ताण असतो. आधीच जबर ताणलेली तार बोटाने आणखी जराशी ओढली तर तिचा सूर फार हलत नाही. जिच्या पोलादावर ताण कमी आहे ती मात्र जराशी ओढली तरी लगेच चढते. पहिल्या तीनही तारा प्लेन असतील तर चौरस मिलिमीटरमागे ताण तिसरीत सर्वांत कमी असतो, पहिलीच्या साधारण एक-तृतीयांश. आणि गंमत अशी की जाड तार घेऊनही हे बदलत नाही, कारण जाडीबरोबर वजनही वाढतं. १७ गेजची प्लेन आणि २४ गेजची वाउंड शेजारी शेजारी लावून दोन्ही सारख्याच ओढल्या, तर प्लेन तार दुपटीहून जास्त चढते. गेज म्हणजे इंचाचा हजारावा भाग, १७ गेज म्हणजे ०.०१७ इंच जाडी.

बोटाने तार फ्रेटवर दाबणं म्हणजेसुद्धा ती थोडी ओढणंच. म्हणून सुटी तार सुरात आणि बोट ठेवलं की चढलेली. बाईंनी नेमकं हेच सांगितलं होतं.

त्यात ई मेजर. या कॉर्डमध्ये तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला बोट येतं, आणि तो स्वर म्हणजे गंधार. संपूर्ण कॉर्डमध्ये गंधार तेवढा एकाच तारेवर असतो, बाकीच्या पाच तारा षड्ज-पंचम धरून बसलेल्या. गिटारचा गंधार आधीच थोडा चढा असतो. तानपुरा नीट जुळला की त्यातून आपोआप जो गंधार ऐकू येतो, त्यापेक्षा समान अंतरांच्या फ्रेटवरचा गंधार सुमारे १४ सेंटने वर असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. पेटीचं तेच, त्यामुळे पेटीबरोबर तेवढं चालून जातं. पण माझ्या गिटारचा नट उंच होता, तार लांबून दाबावी लागत होती, वर ती प्लेन. शिवाय लाकडी ब्रिजच्या माथ्यावर प्रत्येक तारेसाठी जी पायरी कोरलेली असते, ती वाउंड तिसरीच्या हिशेबाने होती. प्लेन तिसरीला त्याहून मागे सरकलेली पायरी लागते. एकाच तारेत तीन चुका, तिन्ही एकाच दिशेने.

आणि ती ओरडत का होती? पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवतीची तांब्याची गुंडाळी. वाउंड तारेचा त्याला मुख्यतः आतला बारीक गाभा जाणवतो. प्लेन तार सगळीच जाणवते, म्हणून ती मोठ्याने बोलते. १९५४ साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर आली, तेव्हा तिच्या पिकअपमधले चुंबक कमी-जास्त उंचीचे होते आणि तिसऱ्या तारेखालचा उंच होता, कारण तेव्हा तिसरी वाउंडच असायची. पुढे लोक प्लेन लावायला लागले आणि त्याच गिटारवर तिसरी तार बाकीच्यांच्या डोक्यावर बसली.

मग लोक प्लेनकडे गेले तरी का? कारण जो दोष मी सांगितला, तोच तिचा गुण आहे. सतारीवर वादक तार बाजूला ओढून मींड काढतो ती आठवा. ब्लूज आणि रॉक वाजवणाऱ्यांना तेच हवं होतं. तार ढकलली की सूर चढला पाहिजे, एक पूर्ण स्वर, कधी दीड. वाउंड तिसरीवर त्यासाठी बोटांची कसरत होते, प्लेन सहज जाते. १९५० च्या दशकात जेम्स बर्टनसारखे वादक वरच्या तारांच्या जागी बँजोच्या बारीक तारा लावायचे. पहिल्या जागी बँजोची तार लावून बाकीच्या एकेक घर खाली सरकवल्या की गिटारच्या संचातली दुसरी, म्हणजे प्लेन, आपोआप तिसऱ्या जागी येते. कॅलिफोर्नियात अर्नी बॉल यांचं गिटारचं दुकान होतं. शिकाऊ मुलांना जाड तिसरी तार दाबता येत नाही हे त्यांनी पाहिलं आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हलक्या तारांचे तयार संच विकायला काढले. आज दुकानात इलेक्ट्रिकचा १० ते ४६ गेजचा संच मागा, तिसरी १७ गेजची प्लेनच मिळेल. जॅझ वाजवणारे मात्र बहुतेक वाउंडवर राहिले. त्यांना मोठे मोठे कॉर्ड स्वच्छ हवेत, तार ओढायची फारशी गरज नाही.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. त्यात चूक पुन्हा माझीच आहे.

आपल्या ब तुकडीतला एक मित्र, नाव घेत नाही, तो इथेच तिसऱ्या रांगेत बसलाय, निवृत्तीच्या आधीच घरी बसला. कारखान्यात मशीनवर डाव्या हाताला इजा झाली होती. दोन बोटं वाकतात, पण जोर नाही. डॉक्टरांनी सांगितलं, बोटं हलती ठेवा. त्याने कॉलेजातली इलेक्ट्रिक गिटार माळ्यावरून काढली आणि माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "जुनी गाणी वाजवायची आहेत रे, नुसते कॉर्ड. पण ई मेजर कडू लागतो."

मला तर बाईच आठवल्या! मी त्याला ऐटीत १२ ते ५२ चा संच लावला, २४ गेजची वाउंड तिसरी. नटच्या खाचा नव्याने कापल्या, ब्रिजवरची सॅडल्स सरकवली. गंधार असा बसला की मीच दोनदा वाजवून ऐकला. त्याला म्हणालो, सवय होईल.

पाच महिन्यांनी त्याच्या घरी गेलो तेव्हा गिटार कपाटावर, कव्हरमध्ये. वहिनी चहा देताना म्हणाल्या, "भावोजी, त्यांना बोलवत नाही तुम्हाला सांगायला. पण तारा दाबताना त्यांची बोटं रात्रभर ठणकायची. सोडलं त्यांनी."

माझं लक्ष सगळं कानाकडे होतं, त्याच्या हाताकडे मी पाहिलंच नव्हतं. हिशेब साधा होता. सुरात लावलेल्या १७ गेजच्या प्लेन तिसरीवर सुमारे साडेसात किलोचा ताण असतो. मी लावलेल्या २४ गेजच्या वाउंडवर साडेबारा किलोच्या वर. हे मला पाठ होतं, रोज गिऱ्हाइकांना सांगतो. पण चौदाव्या वर्षी बाईंना उलट बोललो होतो त्याची भरपाई मी या माणसाच्या बोटांवर करत होतो, असं आता वाटतं.

गिटार परत आणली. १० च्या हलक्या संचातल्या पाच तारा घेतल्या, आणि तिसरी तेवढी सुटी, २० गेजची वाउंड. तिच्यावर नऊ किलोच्या आत ताण. प्लेनपेक्षा थोडा जास्त, पण हाताला झेपेल असा. नट जेवढा खाली घेता येईल तेवढा घेतला, म्हणजे पहिल्या फ्रेटला कमी दाबावं लागतं. गंधार १२ च्या संचाइतका स्थिर नाही. बारीक गाभ्याची वाउंड तार लवकर झिजते, फ्रेटवर घासून तिचं वेटोळं चपटं होतं, ती वारंवार बदलावी लागते, आणि बोट सरकलं की सर्रर्र आवाज येतो. हे सगळं त्याला आधी सांगितलं. तो म्हणाला, "चालेल. मला कुठे तार ओढायचीय."

तेव्हा घरी नेण्यासारखं एवढंच. ज्यांची मुलं, नातवंडं गिटार वाजवतात त्यांनी लिहून घ्या. सोलो वाजवायचे, तार ओढायची, तर प्लेन. कॉर्ड जास्त, तार ओढणं नाही, तर वाउंड. हात लहान किंवा दुखरा असेल तर हलकी वाउंड किंवा हलकी प्लेन, आणि नट उंच नाही ना ते आधी बघा. एकीची जागा दुसरीला दिली की ब्रिजवरचं सॅडल सरकवायला लागतं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर जुळले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्या. नटची खाचही पाहा. बारीक प्लेन तार रुंद खाचेत भणभणते, आणि जाड वाउंड अरुंद खाचेत अडकून सूर लावताना टिंग करून उडी मारते. आणि दुकानात तार घ्यायला जाताना तुटलेली तार खिशात न्या. मी नेली असती तर बरं झालं असतं. हे सगळं करूनही थोडा दोष राहतोच. कोणता चालेल ते वाजवणाऱ्याला विचारा. दुरुस्त करणाऱ्याने स्वतःच्या मनाने ठरवू नये, हे मी उशिरा शिकलो.

बाई, तुम्ही आज वयाचा विचार न करता पहिल्या रांगेत येऊन बसलात. त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं. उलट बोललो, माफ करा. इतक्या वर्षांनी सगळ्यांसमोर सांगतोय, कारण बोललोही सगळ्यांसमोरच होतो.

चहानंतर तिसऱ्या रांगेतला आपला मित्र गिटार वाजवणार आहे. हात नवखा आहे, चुका होतील, कुणी टाळ्यांनी घाई करू नका. पेटी कोपऱ्यात ठेवली आहे. तो पांढरी तीनमध्येच वाजवणार आहे. बाई, ऐका आणि सांगा.